‘अपग्रेड’ आणि ‘कॅन्सल’: तिसरं बटण कुणी खाल्लं?

एक ओळ बदलायची होती हो. एक. ओळ.

मी कंपन्यांसाठी संगणकावरचे प्रशिक्षण-कोर्स बनवते. चाकणच्या एका कँटीन कंत्राटदाराचा पॉशचा, म्हणजे कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या कायद्याचा, मराठी कोर्स. त्यात अजून भादंविचं कलम ३५४ अ होतं, तिथे भारतीय न्याय संहितेचं ७५ घालायचं. कायदा १ जुलै २०२४ ला बदलला आणि एचआर मॅडमना जाग आत्ता आली, ते सोडा. ‘पाच मिनिटांचंच काम आहे ना?’ हा त्यांचा मेसेजही सोडा, कारण काम खरंच तेवढंच होतं. फाईल उघडायची, आकडा बदलायचा, पब्लिश, झिप, पाठवून दिलं, चहा.

तर कोर्स बनवायचं सॉफ्टवेअर रातोरात ‘नवं’ झालेलं. मला विचारलं नाही. सांगितलं होतं म्हणे. एक मेल आली होती, तिच्यात फुगे होते. ‘आम्ही सगळं मुळापासून नव्यानं घडवलं आहे!’ आमच्या मुळावर येऊन, हे लिहायचं राहिलं असावं.

समोर खिडकी. ‘हा प्रकल्प जुन्या आवृत्तीत तयार झाला आहे. अपग्रेड करायचा?’ बटणं दोनच. अपग्रेड आणि कॅन्सल. ‘आहे तसा उघड, हात लावू नकोस’ हे बटण कुठाय? एकदा अपग्रेड दाबलं की ती फाईल जुन्या आवृत्तीत पुन्हा उघडत नाही, हे त्या खिडकीत कुठेही लिहिलेलं नाही. मी आधी कॉपी काढून ठेवते, तुम्हीही ठेवत असाल, या धंद्यात आपण सगळे आता तेवढे संशयी झालोय. पण ती कॉपी उघडायची कशात, हा प्रश्न नंतर येतो.

दाबलं अपग्रेड. हिरवी बरोबरची खूण आली. ‘तुमचा प्रकल्प यशस्वीरीत्या आणला गेला आहे.’

पहिल्याच स्क्रीनवर ‘सर्व कर्मचार्यांसाठी’.

कर्मचार्यांसाठी! माझ्या फाईलीत त्या र आणि य च्या मध्ये एक न दिसणारं चिन्ह असतं, त्याच्या जोरावर आपला अर्धा र आडवा पडून राहतो. नव्या एडिटरने आत आणताना ‘अनावश्यक’ चिन्हं साफ केली. अनावश्यक कुणाला? पॉशच्या कोर्समध्ये ‘कर्मचाऱ्यांनी’, ‘अधिकाऱ्यांकडे’, ‘दुसऱ्या’ हे प्रत्येक स्क्रीनवर असतं. सगळीकडे र उडून य च्या डोक्यावर जाऊन बसला. आणि हा कोर्स कँटीनवाल्यांचा. पुढच्या स्क्रीनवर ठळक अक्षरांत, लाल चौकटीत: ‘आचार्यांविरुद्ध तक्रार आल्यास समिती तात्काळ दखल घेईल.’ आचार्यांविरुद्ध! पोळ्या लाटणारा माणूस एका रात्रीत गुरुकुलात पोचला आणि तिथेही त्याच्यावर तक्रार. हे असंच पब्लिश करून पाठवलं असतं तर माझ्यामुळे कुणाकुणाच्या भावना दुखावल्या असत्या, याचा हिशोब करत मी काही वेळ नुसती बसून राहिले.

बरं, शोधा आणि बदला करून टाकावं म्हटलं. ते कुठाय? मेनूत राखाडी अक्षरांत: ‘लवकरच येत आहे.’ शोधा-आणि-बदला लवकरच येत आहे! ते होतं! कालपर्यंत होतं! त्याच्या जागी आता चमचमत्या चांदण्यांचं एआयचं बटण आहे. मी न मागता ते मला ‘तुमचा कोर्स अधिक आकर्षक करू का?’ म्हणून विचारतं. आधी माझा ‘ऱ्या’ परत कर, मग आकर्षणाचं बघू.

उरलेलं थोडक्यात. ड्रॅग-अँड-ड्रॉपचे सगळे प्रश्न मुकाट बहुपर्यायी झाले. निवेदन आणि मजकूर यांची फारकत झाली. बाई बोलून मोकळ्या होतात, मग सावकाश ओळी उगवतात. एलएमएसवर, म्हणजे कर्मचारी जिथे कोर्स करतात आणि कुणी पूर्ण केला याची नोंद राहते तिथे, चाचणीसाठी चढवून पाहिलं तर मॅनिफेस्टमधली, म्हणजे कोर्सच्या ओळखपत्रातली, ओळखच बदललेली, म्हणजे एलएमएसच्या मते हा कुणीतरी परका कोर्स आणि आधी पूर्ण केलेले सगळे पुन्हा ‘अपूर्ण’. वर बुकमार्क टिकेना. क्लायंटचा एलएमएस अर्थातच स्कॉर्म १.२ वाला (कोर्स आणि एलएमएस एकमेकांशी ज्या नियमांनी बोलतात, त्यांची जुनी आवृत्ती), तुमच्याही सगळ्या क्लायंटांचा तोच असतो. त्यात सस्पेंड डेटाला, म्हणजे शिकणारा कुठवर आला हे साठवायच्या जागेला, ४०९६ अक्षरांची मर्यादा. या नव्या बाळसेदार आवृत्तीला एवढ्याशा जागेत मावता येत नाही, त्यामुळे शिकणारा अर्ध्यावर उठून जेवायला गेला की परत येऊन पहिल्या स्क्रीनपासून. पुन्हा आचार्य.

सपोर्टच्या चॅटवर गेले. तिथे बॉट. मी रागाच्या भरात शुद्ध सदाशिव पेठी मराठीत लिहिलं. तो म्हणाला, मला समजलं, तुम्हाला थीमचा रंग बदलायचा आहे. बऱ्याच वेळाने जिवंत माणूस आला. त्याने आधी माझा त्रास समजून घेतला, मग कॅशे साफ करायला लावली, मग पुन्हा त्रास समजून घेतला आणि शेवटी मुद्द्यावर आला: ‘उत्तम अनुभवासाठी हा कोर्स नव्या आवृत्तीत नव्याने बांधावा.’ नव्याने बांधा! पैसे कोण देणार? क्लायंटच्या मते एक आकडा बदलायचाय.

आणि सॉफ्टवेअरवाल्यांचा तो वेबिनार. आपल्याकडे रात्री साडेअकराला, कारण त्यांच्याकडे तेव्हा प्रसन्न सकाळ असते. चॅटमध्ये जगभरातून एकच प्रश्न पडतोय, जुन्या फायली उघडतील का, जुन्या फायली उघडतील का. सूत्रसंचालक हसऱ्या चेहऱ्याने म्हणतो, ‘फारच छान प्रश्न!’ आणि बटणांचे गोल केलेले कोपरे दाखवायला लागतो. शेवटी उत्तर आलं ते असं: काळजी नको, तुमचे पब्लिश केलेले कोर्स पूर्वीसारखेच चालत राहतील. अरे चालतील रे! चालायला काय धाड भरलीय त्यांना! बदलता येत नाहीत, ही बोंब आहे. आणि आपला सगळा धंदा बदलण्याचा आहे. भादंवि गेली, न्याय संहिता आली. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे टप्पे बदलले, अकाउंट्सवाल्यांच्या कोर्समधली निम्मी उदाहरणं त्या दिवशी वारली. कोर्स एकदा करून काचेच्या कपाटात ठेवायची वस्तू आहे का?

मला दाट संशय आहे की या सॉफ्टवेअरचं रीडिझाइन करणाऱ्यांपैकी एकानेही कधी चार वर्षांपूर्वीची फाईल उघडलेली नाही. त्यांच्या डेमोत नेहमी कोरी फाईल असते, तीन स्लाइड, एक हसरी बाई, एक कॉफीचा कप, झाला कोर्स. नवं गिऱ्हाईक तेवढं बघून खूश. जुनं गिऱ्हाईक कुठे जाणार आहे!

ज्याच्यावर ब्राउझरमध्ये आपले कोर्स चालायचे त्या फ्लॅशच्या वेळी आपण हे भोगलेलं आहे. ३१ डिसेंबर २०२० ला त्याचा आधार संपला आणि १२ जानेवारीपासून प्लेअरने कोर्स चालवायलाच नकार दिला. पण त्याची घोषणा २०१७ मध्ये झाली होती! तीन वर्षं रडायला तरी मिळाली! इथे फुगेवाली मेल. आणि दुसरीकडे पाहा, वर्ड ९७ ची डॉक फाईल आजचं वर्ड उघडतं. स्कॉर्म १.२ हे २००१ सालचं, अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या उपक्रमातून आलेलं, दिसायला कळाहीन, पण अजून तेच आपलं घर चालवतंय. म्हणजे मनात असलं तर जमतं.

आणि विषय निघालाच आहे तर, पॉलिसीचा मजकूर अजूनही जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फाँटमध्ये पाठवणारे क्लायंट, तुमचंही एकदा बघायचंय मला. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित दिसतंय.’ दिसणारच! आणि ‘इंट्युइटिव्ह’ म्हणणारे सगळे. आणि सेव्हचं बटण लपवून ‘आपोआप सेव्ह होतं’ सांगणारे. आणि माझ्या बँकेचं ॲप, ज्यात शिल्लक बघायचं बटण दर दिवाळीला जागा बदलतं. आणि ‘तुम्ही आम्हाला दहापैकी किती गुण द्याल?’ हे विचारणारी खिडकी. शून्य दिलं. तर म्हणे कारण लिहा. लिहिलं, हे वर आहे जवळजवळ तेवढंच, जरा जास्त शिव्या घालून. पाचशे अक्षरांची मर्यादा निघाली. मग मी, एक प्रौढ, जीएसटी भरणारी बाई, मध्यरात्री बसून स्वतःच्या शिव्यांचं संक्षिप्तीकरण करत होते. कोणती शिवी ठेवावी, कोणती गाळावी. विशेषणं काढली तरी बसेना. नवरा दारातून डोकावून म्हणाला, कीबोर्डने काय घोडं मारलंय? त्यालाही पाचशे अक्षरांत उत्तर दिलं असतं, पण तो हुशारीने निघून गेला.

जुना लॅपटॉप आहे माझ्याकडे, जुन्या आवृत्तीसकट. त्यावर मी पाटी लावलीय: ‘या यंत्रास इंटरनेट जोडू नये. जोडल्यास होणाऱ्या अपमानास जोडणारा जबाबदार राहील.’ घरात सगळे त्या पाटीला हसतात. कॉपी त्यात उघडावी म्हटलं. उघडण्याआधी सॉफ्टवेअर म्हणालं, परवाना तपासायचाय, इंटरनेट जोडा. जोडलं. परवाना तपासला, आणि लगोलग कोपऱ्यात फुगेवाली खिडकी: नवी आवृत्ती उतरवून घेत आहोत. माझ्या आयुष्यात मी वायफाय इतक्या वेगाने कधी बंद केलेलं नाही. त्या तेवढ्या फटीत फाईल उघडली, ३५४ अ चं ७५ केलं, पब्लिश केलं, पेनड्राइव्हवर घेतलं. र जागेवर, आचारी स्वयंपाकघरात, ड्रॅग-अँड-ड्रॉप ओढले जातायत.

मॅडमना बिल पाठवलंय. त्यात ‘सॉफ्टवेअरने केलेल्या सुधारणा निस्तरणे’ अशी वेगळी ओळ घातली, अधिक १८ टक्के जीएसटी. त्यांचं उत्तर आलं, ही ओळ काढता येईल का, बजेटमध्ये बसत नाही. आणि त्याच संध्याकाळी सॉफ्टवेअरवाल्यांची मेल: वर्गणीचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात, ‘नव्या अनुभवासाठी’ दर थोडा वाढवला आहे. भरणार आहे. न भरून सांगते कुणाला, इतक्या वर्षांचे सगळे कोर्स त्यांच्याच फाईलींत कोंडलेत.