केळ्याला दोष देणं थांबवूया

लेकाची छाती भरली की आमच्या घरात पहिला प्रश्न ठरलेला, "काल काय खायला दिलं होतंस?" मग दही, केळं, आइस्क्रीम, सगळ्याची झडती. दोन वर्षं मी त्याचं केळं बंद ठेवलं. तरी दिवाळीच्या सुमारास रात्री दोन वाजता त्याच्या बरगड्या ओढल्या जायच्याच.

बालरोगतज्ज्ञांनी खाण्याचं विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "डासांसाठी खोलीत काय लावता?"

खिडक्या बंद करून रात्रभर कॉइल. एका कॉइलमधून निघणारे पीएम २.५ कण, म्हणजे फुफ्फुसात खोल शिरणारे धुराचे अतिसूक्ष्म कण, ७५ ते १३७ सिगारेटींइतके भरतात, हे तेव्हा मला कळलं. मी खूप रडले. लेक तान्हा होता तेव्हाही कॉइल लागत होतीच, आणि तान्हं बाळ मिनिटाला तीस-चाळीस श्वास घेतं, आपल्या दुपटीहून जास्त.

आणि नागगोळी! पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने २०१६ साली फटाक्यांचा धूर मोजला, तेव्हा सर्वांत जास्त पीएम २.५ नागगोळीतून निघाले. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती सगळ्यात लहान पोराच्या हाती देतो. ते उकिडवं बसतं, मान खाली घालून नाग वर येताना बघत राहतं. सगळा धूर थेट नाकात.

घरातलं आपल्या हातात आहे, ते आम्ही बंद केलं. कॉइल गेली, मच्छरदाणी आली. धूप-उदबत्ती त्याच्या खोलीत नाही. रात्रीची धाप बरीच कमी झाली. श्वासातून औषध ओढायचा पंप (इनहेलर) मात्र सुटलेला नाही आणि मी तो सोडवायची घाईही करत नाही. "पंपाची सवय लागते" असं सांगणाऱ्यांनी कृपा करून एकदा धाप लागलेलं मूल मांडीवर घेऊन बसावं. नियमित पंपाने श्वासनलिकांची सूज आटोक्यात राहते. ते व्यसन नव्हे, औषध आहे.

बाहेरचं काय? रोज सकाळी साडेसहाला, शाळेच्या बसची वाट बघत मुलं उभी असतात तिथेच, पालापाचोळा पेटवलेला असतो. त्यात प्लास्टिकही. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनुसार बंदी आहे. झाडणाऱ्या मावशींवर ओरडून उपयोग नाही, पाला टाकायला त्यांना जागाच दिलेली नसते. आमच्या सोसायटीत आम्ही मागच्या भिंतीलगत खड्डा खणून घेतला, पाला आता तिथे जातो. कोपऱ्यावरचा ढीग अजून पेटतोय. उद्या सकाळी मी तिथे जाणार आहे. आसपासचं कुणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा.