‘निसटत असेल तर अंगठ्यानं धरा’ हा सल्ला कुणी पाळू नका

पावसाळा तोंडावर आला की चपलांबद्दलचा एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला माहेरच्या ग्रुपवर आला, भिशीच्या ग्रुपवर आला आणि एका गिऱ्हाइकानं वेगळा पाठवला. त्यातलं सांगणं थोडक्यात असं: चप्पल जितकी मऊ तितकी चांगली. नेहमीपेक्षा एक नंबर मोठी घ्यावी. निसटत असेल तर अंगठ्यानं घट्ट धरून चालावं, पायाला व्यायाम होतो. नवी चप्पल चावली तर चार दिवस सोसावी. कोल्हापुरी तर चावते तीच अस्सल, शिवाय ती अंगातली उष्णता खेचून घेते. आणि मागून पट्टा असलेली सँडल म्हाताऱ्या माणसांसाठी असते. शेवटी ‘सर्वांना पाठवा’.

सांगलीत आमचं चपलांचं दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलं, बावीस वर्षं झाली मी तिथं बसते. हा मेसेज वाचून लोक येतात आणि त्यातलंच मागतात. समजावून सांगितलं तर ‘ताई, तुम्हाला तुमचा माल खपवायचाय’ असं वाटतं त्यांना. म्हणून एकदा बसून लिहिते.

मऊपणापासून सुरू करू. ‘बोटानं दाबून बघा, रुतलं की घ्या,’ असं मेसेज म्हणतो. दुकानात पहिल्या मिनिटाला मऊ चप्पल सगळ्यांनाच आवडते, पण आपण ती मिनिटभर घालत नाही. या मऊ चपला ईव्हीए नावाच्या हलक्या, रबरासारख्या फोमच्या असतात आणि त्यात हवेचे बारीक कप्पे असतात. अंगाच्या वजनानं ते दबतात आणि हलक्या प्रतीच्या फोममध्ये पुन्हा वर येत नाहीत. टाचेखाली खळगा पडतो, पाऊल एका अंगाला कलतं आणि कललेलं पाऊल पट्ट्यातून बाहेर सरकायला लागतं. महिन्यापूर्वी नीट बसणारी चप्पल आता का निसटते, असं विचारणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांच्या चपलेचं हेच झालेलं असतं.

मऊ तळ हवाच, पण त्याच्याखाली टणक काहीतरी हवं. हे आपल्या देशात फार पूर्वी शोधून काढलेलं आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाय बधिर झालेल्या कुष्ठरुग्णांसाठी मायक्रोसेल्युलर रबराच्या चपला वापरात आणल्या. वरचा थर मऊ, म्हणजे तळव्यावरचा दाब पसरतो. खालचा थर टणक, म्हणजे काटा-खडा आत येत नाही आणि चप्पल आकार सोडत नाही. आज दुकानात ‘एमसीआर’ म्हणून जी मिळते ती हीच. साधी चप्पल घेतानाही दोन्ही हातांत धरून वाकवून बघा. ती चवड्यापाशी वाकली पाहिजे, जिथं पाऊल वाकतं तिथं. मधोमध दुमडली किंवा ओल्या फडक्यासारखी पिळली गेली तर ठेवून द्या.

एक नंबर मोठी घेण्याचं कारण मेसेज देतो की संध्याकाळी पाय सुजतात. सुजतात, ते खरं आहे. पण मग खरेदीला संध्याकाळी या, नंबर कशाला वाढवता? आपल्याकडच्या नेहमीच्या नंबरात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे जवळजवळ साडेआठ मिलिमीटर असतो. सकाळ-संध्याकाळच्या सुजेला एवढी लांबी लागत नाही. अंगठ्याच्या चपलेत तर मोठा नंबर उलटाच पडतो. पट्टे लांब होतात आणि पायाच्या वरच्या भागापासून सुटे राहतात. पाऊल पुढे घसरतं आणि अंगठ्याच्या बेचक्यात रुतून थांबतं. मग तिथं सोलपटतं, मागं टाचेशी रिकामा तळ फटफट आपटत राहतो आणि पावसात पोटरीपर्यंत चिखल उडतो.

खरी अडचण बहुतेक वेळा रुंदीची असते, लांबीची नाही. आपल्याकडे चवडा रुंद असलेले लोक पुष्कळ आहेत आणि साध्या रबरी चपला एकाच रुंदीत येतात. रुंदी मिळावी म्हणून लोक लांबी विकत घेतात. त्यापेक्षा वेल्क्रोचा किंवा बकलचा पट्टा असलेली घ्या, तो आपल्या पावलाप्रमाणे सैल करता येतो. दोन्ही पायांत घाला, उभं राहा, दहा पावलं चाला. दोन्ही पाय सारखे नसतात, मोठ्या पायाला बसेल ती घ्यायची. टाचेमागं आणि बोटांपुढं अर्धा-पाऊण सेंटिमीटर तळ दिसला की पुरे.

आता अंगठ्यानं धरून चालण्याबद्दल. सगळ्या मेसेजमध्ये हेच वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं.

मी नवीन चप्पल दाखवण्याआधी गिऱ्हाइकाला जुनी काढायला सांगते आणि ती हातात घेऊन बघते. बोटांनी धरून चालणाऱ्याची चप्पल लगेच ओळखू येते. अंगठ्याच्या खाली एक खोल, गुळगुळीत, काळपट वाटी झालेली असते, बाकीच्या बोटांखाली नखांच्या ओरखड्यांसारखे चार ठसे असतात आणि टाचेखालची नक्षी मात्र बरीचशी शाबूत असते. म्हणजे चालण्याचं काम टाचेपासून सुरू व्हायचं ते बोटांवर आलेलं असतं. हा व्यायाम नाही. व्यायाम आपण दहा मिनिटं करतो आणि थांबतो. ही बोटं दिवसभर आकडा करून बसलेली असतात. पावलाचा तळ, पोटरी, नडगीपुढचा स्नायू, सगळं धरून येतं. २००८ साली अमेरिकेतल्या ऑबर्न विद्यापीठात ३९ तरुण मुलामुलींचं चालणं अंगठ्याच्या चपला घालून आणि बूट घालून तपासलं, तेव्हा चपलांमध्ये त्यांची पावलं आखूड पडत होती. चप्पल सुटू नये म्हणून माणूस आपली चालच बदलतो.

पण हे वाक्य खुपण्याचं माझं कारण वेगळं आहे.

आमच्याकडे येणारे एक काका. सत्तरीतले, मधुमेह जुना. चार महिन्यांत त्यांनी तीन जोड नेले, दर वेळी तक्रार एकच, ‘पायात राहत नाही बघ.’ चौथ्यांदा आले तेव्हा पायऱ्या चढून आत आले, खुर्चीत बसले, आणि मी बघते तर डाव्या पायात चप्पलच नाही. ती बाहेर पहिल्या पायरीवर पडली होती. मी म्हटलं, ‘काका, डावी चप्पल?’ त्यांनी खाली न बघताच सांगितलं, ‘पायातच आहे की गं.’ बाहेर ऊन होतं, पायरीची फरशी तापलेली होती. त्यांना काहीच कळलं नव्हतं.

चप्पल पायातून निसटली आणि माणसाला पत्ताच लागला नाही, हे मधुमेहानं नसा बधिर झाल्याचं लक्षण म्हणून डॉक्टर ओळखतात. त्याला ‘स्लिपिंग स्लिपर साइन’ असं नावच आहे. काकांच्या मुलाला मी त्याच दिवशी फोन केला. डॉक्टरांनी पावलाला नायलॉनचा बारीक दोरा ठिकठिकाणी टेकवून पाहिला. डोळे मिटलेल्या काकांना बहुतेक ठिकाणी तो कळलाच नाही. अशा माणसाला ‘अंगठ्यानं घट्ट धरा’ सांगायचं? त्यांचा अंगठा धरतोय की नाही हे त्यांना कळायचं कसं? घरात मधुमेह असलेलं कुणी असेल आणि त्यांची चप्पल नकळत मागं राहत असेल, तर नवी चप्पल घ्यायला नंतर जा, आधी पाय तपासून घ्या.

‘चावली तर सोसा’ हेही याच कारणानं धोक्याचं. ज्याला चावल्याचं कळतं तो निदान पट्टी लावतो. ज्याला कळत नाही त्याच्या फोडाची जखम होते, आणि मधुमेहात ती भरता भरत नाही.

कोल्हापुरीबद्दल तर मला रागच येतो, कारण त्या वाक्यात बनवणाऱ्याचा अपमान आहे. चांगली कोल्हापुरी चावावी म्हणून कुणी बनवत नाही. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं सुरुवातीला कडक असतं, हे खरं. ते घालणाऱ्याच्या पावलाप्रमाणे बसत जातं, म्हणून पहिले काही दिवस घरातच तासभर घालावी, पट्ट्याला आणि अंगठ्याला आतून खोबरेल किंवा एरंडेल बोटानं चोळावं. इतपत अवघडणं ठीक. पण कातडी सोलली जात असेल तर पट्ट्याची कड नीट मारलेली नाही किंवा माप चुकलंय. ती घेऊन परत कारागिराकडे जा, तो पट्टा सैल किंवा आवळ करून देतो. सोय म्हणून पाण्यात भिजवू नका. वाळल्यावर चामडं आणखी ताठरतं.

आणि अस्सलपणा चावण्यावरून ओळखायचा नसतो. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर या आठ जिल्ह्यांसाठी. कातडं, कमावण्याची रीत, हाताची शिवण यावर ते मिळालंय. बाजारातली रेक्झिनची नक्कल अस्सलपेक्षा जास्त चावते, हे मी रोज बघते.

उष्णता खेचण्याचं म्हणाल तर चामडं घाम शोषतं, पाय कोरडा राहतो, म्हणून गार वाटतं. त्यापलीकडे काही नाही.

राहिला मागचा पट्टा. कॉलेजच्या मुली तो नको म्हणतात, त्यांच्या आयाही नको म्हणतात, आणि मग ओल्या फरशीवर चप्पल पुढे आणि पाय मागे अशी गत होते. टाच बांधलेली असली की बोटांना धरायचं काम उरत नाही. पट्टा टाच घासतो ही तक्रार येते ती तो फार आवळल्यामुळे किंवा खालच्या बाजूला बसवलेला असल्यामुळे. बकल लावल्यावर टाच आणि पट्टा यांच्यात करंगळी जाईल इतकी जागा ठेवा. घरात चांगला पण निसटणारा जोड पडून असेल तर टाकूही नका. मोच्याकडे न्या, तो दोन्ही बाजूंना शिवून मागचा पट्टा लावून देतो. काकांच्या तिसऱ्या जोडाला आम्ही तसाच लावून घेतला, आत मऊ अस्तर घालून. आता त्यांची सूनबाई रोज संध्याकाळी बकल काढते आणि दोन्ही तळवे दिव्याखाली धरून बघते.