चेन तुटूनही जिंकला, म्हणून सस्पेन्शन ही नौटंकी?

माउंटन बाइकवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं सार असं: सस्पेन्शनची नवनवी डिझाइन्स म्हणजे कंपन्यांची नौटंकी. यात नवं काहीच नाही, साधा एक पिव्हट (मागचं चाक ज्याच्यावर वर-खाली फिरतं तो सांधा) पुरतो, शर्यती हार्डटेलच, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली बाइकच, जिंकते, आणि डाउनहिलच्या, म्हणजे उतारावरच्या शर्यती मारणाऱ्या ॲरन ग्विनने तर चेन नसताना वर्ल्ड कपची शर्यत मारली. शेवटी फुकटचा सल्ला: शॉकमध्ये (मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या हवेच्या नळीत) हवा ठासून भरा, पेडल मारताना होणारं डोलणं बंद होईल, नव्या बाइकचे पैसे वाचतील.

असले मेसेज मी वाचतही नाही. पण माझ्या भाच्याने तो मनावर घेतला आणि पुढच्याच रविवारी उतारावर हँडलवरून पुढे फेकला गेला. मनगट प्लास्टरमध्ये आहे. तेव्हा आता उत्तर देणं आलं.

सुरुवात शेवटच्या सल्ल्यापासून करते. बाकीचे मुद्दे नुसते चुकीचे आहेत, हा हाडं मोडणारा आहे.

भाच्याच्या बाइकला मागे 150 मिमी ट्रॅव्हल (चाक वर-खाली सरकू शकतं ते अंतर) आहे आणि शॉकचा स्ट्रोक (तो जास्तीत जास्त दबतो ते अंतर) 55 मिमी. म्हणजे शॉक एक मिमी दबला की चाक सरासरी 2.7 मिमी वर येतं. स्वार नुसता बसला की शॉक स्ट्रोकच्या 25 ते 30 टक्के, इथे साधारण 14 ते 16 मिमी, दबायला हवा. यालाच सॅग म्हणतात. शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडी असते, ती किती सरकली ते पट्टीने मोजायचं, काम दोन मिनिटांचं. याची कडी जेमतेम चार मिमी सरकत होती. शॉकवर कमाल दाबाचा आकडा छापलेला असतो. हा पठ्ठ्या पंप मारत मारत त्या आकड्यापर्यंत गेला होता, आणि तो आकडा म्हणजे आपल्याला गाठायचं लक्ष्य आहे असं त्याला वाटत होतं.

सॅग लाड म्हणून ठेवत नाहीत. खड्डा आला की चाकाला खालीही जाता यायला हवं. सॅग नसेल तर चाक खळग्यावर अधांतरी राहतं, पकड सुटते, आणि नेमका त्याच क्षणी ब्रेक दाबलेला असतो. त्यात दुसरी गंमत. ठासलेली हवा परतीच्या वेळी तेवढ्याच जोराने ढकलते. परतीचा वेग ठरवणारी रिबाउंडची खुंटी मात्र जुन्याच जागी. मग दगडावरून गेलेला शॉक सावकाश उलगडत नाही, उसळतो, आणि मागून लाथ बसावी तसा स्वार पुढे जातो. हेच झालं.

‘‘पण मावशी, चढावर काय कडक वाटत होतं गं!’’ हे त्याचं म्हणणं. वाटणारच. चढावर वाटलं, उतारावर कळलं.

आता ग्विन. मेसेजचा हा हुकमी एक्का आहे, त्यामुळे जरा नीट बघू. 2015 मध्ये ऑस्ट्रियातल्या लिओगांगच्या डाउनहिल वर्ल्ड कपला सुटतानाच ग्विनची चेन तुटली. तरी तो पहिला आला, कॉनर फियरन निसटत्या फरकाने दुसरा. इथपर्यंत सगळं खरं आहे, व्हिडिओ कुणीही बघावा. मेसेज यावरून विचारतो, ‘चेनच नव्हती, मग पेडलसाठी केलेल्या सस्पेन्शनच्या डिझाइनला काय अर्थ राहिला?’

पहिली गोष्ट, ग्विन हवेवर तरंगत खाली आला नाही. तो स्पेशलाइज्ड डेमोवर होता. सुमारे 200 मिमी ट्रॅव्हल, चार दांड्यांची रचना (चार बार), मागच्या चाकाच्या आसाच्या जरा पुढे सांधा असलेली हॉर्स्ट लिंक. सस्पेन्शन फालतू आहे हे सिद्ध करायला बाइकजगतातलं सगळ्यात भरभक्कम सस्पेन्शन साक्षीला आणलंय.

दुसरी गोष्ट खरी महत्त्वाची. पेडल मारलं की बाइक पुढे झेपावते, वजन मागे सरकतं आणि शॉक दबतो. डोलणं ते हेच. ते थोपवायला डिझाइनर चेनचा ताणच वापरतो: पिव्हट अशा जागी बसवतो की ताणलेली चेन शॉकला दबू देत नाही. याला अँटी-स्क्वॉट म्हणतात. पण त्याची किंमत मोजावी लागते. चाक वर येताना मागचा ॲक्सल (चाकाचा आस) बॉटम ब्रॅकेटपासून (पेडलच्या आसापासून) लांब जातो, वरची चेन अपुरी पडते आणि क्रँकला, म्हणजे पेडलच्या दांड्यांना, मागे ओढते. हा पेडल किकबॅक.

खोटं वाटत असेल तर करून बघा. भाच्याला एका हाताने मी हेच करायला लावलं. चेन कॅसेटच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांच्या) सगळ्यात मोठ्या चकतीवर टाकायची, शॉकमधली हवा सोडायची, मागचा ब्रेक घट्ट धरायचा आणि सीट खाली दाबायची. पेडलला कुणी हात लावलेला नसतो, तरी ते आपोआप मागे फिरतं. त्याच्या बाइकवर चांगलं दिसेल इतकं फिरलं. वेगात असताना चाक पुढे पळत असल्याने फ्रीहब (पेडल न मारताही चाक मोकळं फिरू देणारा भाग) यातलं बरंचसं गिळतो, हेही सांगते. पण ब्रेकने चाक अडकलं की तो झटका सरळ पायात येतो.

तर ग्विनची चेन गेली तेव्हा पेडल गेलं, आणि त्याबरोबर ही ओढही गेली. मागचं चाक पूर्ण मोकळं झालं. तो त्यामुळेच जिंकला असं मी म्हणणार नाही. तो ग्विन आहे, आणि ट्रॅक उताराचा होता. पण आदल्याच वर्षी हाफ्येलच्या जागतिक स्पर्धेत नीको मुलॅलीची चेनही अशीच तुटली होती आणि तो चौथा आला होता. या दोन धावांनी लोकांच्या डोक्यात एक प्रश्न सोडला: चेन ठेवून तिची ओढ कमी करता येईल का? आज कित्येक डाउनहिलवाले क्रँकवर ओचेन नावाचा जोड बसवतात. त्यात चेनरिंगला (पुढच्या दातेरी चकतीला) काही अंश मागे फिरायची मुभा असते, म्हणजे पाय जागेवर राहतात आणि चाक आपलं काम करतं. मेसेजवाल्याने नौटंकीचा पुरावा म्हणून दिलेली शर्यत नेमकी हे डिझाइनवाले ज्या प्रश्नामागे धावतायत त्याचाच पुरावा निघाली.

आणि निरनिराळ्या लिंकांमध्ये, म्हणजे सांधे-दांड्यांच्या रचनांमध्ये, फरक असतो तो इथेच. ओढ शून्य करता येत नाही, कारण चढावर ती हवी असते. ती ट्रॅव्हलमध्ये कुठे जास्त आणि कुठे कमी ठेवायची, हा सगळा खेळ आहे. डिझाइनर डेव्ह वीगलच्या डीडब्ल्यू-लिंकमध्ये सॅगच्या आसपास अँटी-स्क्वॉट भरपूर असतो, शॉक खोल गेला की कमी होत जातो. सॅम हिलने आयर्न हॉर्स संडे या बाइकवर 2006 आणि 2007 ला डाउनहिलचं जगज्जेतेपद मारलं, त्यात हीच लिंक होती. हाय पिव्हटवाले वेगळ्या वाटेने जातात: पिव्हट उंच, त्यामुळे चाक दगडाला धडकल्यावर वर आणि मागे सरकतं, आणि चेन एका जादा कप्पीवरून, म्हणजे आयडलरवरून, पिव्हटजवळून नेलेली असते, म्हणून ती फारशी ताणली जात नाही. त्या कप्पीचा आवाज होतो, ती घासते, झिजते, चिखलात करकरते. मला स्वतःला नको ती. पण नको असणं वेगळं आणि खोटी असणं वेगळं.

‘यात नवं काहीच नाही’ हा मुद्दा मात्र अर्धा खरा आहे, नाइलाजाने मान्य करते. आयडलरवाला हाय पिव्हट बाल्फा बीबी7 या बाइकवर 2000 च्या दशकाच्या सुरुवातीलाच होता. हॉर्स्ट लाइटनरची लिंक 1990 च्या दशकातली. तिचं पेटंट 1998 मध्ये स्पेशलाइज्डने विकत घेतलं, आणि मग अमेरिकेत विकायचं तर इतरांनी एक तर परवान्याचे पैसे द्यायचे, नाही तर पिव्हट दुसरीकडे सरकवायचा. पुढची कित्येक वर्षं बऱ्याच ‘क्रांतिकारी’ फ्रेम इंजिनिअरपेक्षा वकिलांनी जास्त घडवल्या. ॲक्सलभोवती फिरणाऱ्या पिव्हटला ट्रेक एबीपी म्हणते, वीगल स्प्लिट पिव्हट. दोघं त्यावरून कोर्टात गेले आणि वीगलची बाजू पडली. नावांचा बाजार आहे, यात वाद नाही. पण बाजार नावांचा आहे म्हणून पिव्हटची जागा बदलली तरी फरक पडत नाही, हे कुठल्या भूमितीत बसतं?

‘एक पिव्हट पुरतो’. पुरतो की. स्टीव्ह पीटने ऑरेंज कंपनीच्या सिंगल पिव्हटवर वर्ल्ड कप गाजवले. गंमत अशी, की 2018 ला अमोरी पियेरोंने ज्या कॉमन्साल बाइकवर डाउनहिलचा एकूण वर्ल्ड कप जिंकला, तीही मुळात सिंगल पिव्हटच. पिव्हट उंच नेला, आयडलर लावला, शॉक लिंकने चालवला. म्हणजे मेसेजवाला ज्याची तारीफ करतोय तेच तीन ओळी खाली नौटंकी म्हणून झोडपतोय.

बॅटरीवर चालणाऱ्या, स्वतःच कडक-मऊ होणाऱ्या शॉकबद्दल फार भांडणार नाही. शर्यतीत त्यांचा उपयोग आहे, तिथे हँडलवरचा लीव्हर विसरला की वेळ जातो. आपल्यासारख्यांनी चढ लागला की हाताने लीव्हर दाबावा, काही बिघडत नाही.

राहिला ‘क्रॉस-कंट्री ऑलिम्पिक हार्डटेलच जिंकते’ हा दावा. क्रॉस-कंट्री म्हणजे चढ-उतार दोन्ही असलेली शर्यत. 2004 आणि 2008 ला ज्युलियन आब्सालोंने हार्डटेलवर सुवर्ण घेतलं, कबूल. 2012 ला लंडनमध्ये यारोस्लाव्ह कुल्हावी फुल सस्पेन्शनवर जिंकला, 2016 ला रिओत निनो शुर्टरही फुल सस्पेन्शनवरच. मेसेज लिहिणाऱ्याचं कॅलेंडर 2008 नंतर उलटलेलं दिसत नाही.