दुरुस्तीनंतर दम गेलेलं मोअर: एका वैतागलेल्या वाचकाला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा मॅन्युअल उघडलं.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. हेड गॅस्केट (सिलिंडर आणि त्यावरच्या हेडमधलं सील) बदलल्यावर माझ्या रायडिंग मोअरचा, म्हणजे वर बसून चालवायच्या गवत कापायच्या यंत्राचा, दम कसा गेला, यावरचा माझा लेख वाचून यांनी आपल्या मोअरच्या व्हॉल्व्हचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणाऱ्या रॉकरमधली फट) सेट केला. दम आला नाहीच, वर स्टार्टर अडायला लागला. बॅटरी गेली समजून यांनी नवी आणली, तरी फरक शून्य. शेवटी कार्ब्युरेटरच्या मेन जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल जातं त्या बारीक भोकात, कचरा सापडला. शनिवार वाया गेला तो गेलाच. शिवाय यांचं म्हणणं असं की कारला दीडशेच्या वर कम्प्रेशन (सिलिंडरमधल्या हवेचा दाब) येतं आणि हा माणूस ७५ पीएसआयला ठीक म्हणतो. कळत नसेल तर लिहू नये.

स्टार्टरचं पाप माझं. मी लिहिलं होतं, ‘पिस्टन टीडीसीला आणा आणि गॅप सेट करा.’ टीडीसी म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो ती जागा. कारला हे चालेल, या इंजिनाला नाही. हे मोठं सिंगल सिलिंडर स्टार्टरला झेपावं म्हणून कॅमशाफ्टवर एक बारीकसा उंचवटा असतो. सुरू करताना तो व्हॉल्व्ह किंचित उघडा धरतो आणि थोडी हवा सोडून देतो. टीडीसीला व्हॉल्व्ह अजून त्या उंचवट्यावर असू शकतो. तिथेच गॅप ठेवला की उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत पोचतच नाही. मग हवा सुटत नाही आणि स्टार्टर कम्प्रेशनला येऊन कण्हतो. तुमचं नेमकं हेच झालं.

बरोबर रीत अशी. प्लग काढा, भोकातून प्लास्टिकची स्ट्रॉ आत सोडा आणि इंजिन ज्या दिशेने चालतं त्याच दिशेने फ्लायव्हील हाताने फिरवा. कम्प्रेशन स्ट्रोकला स्ट्रॉ सगळ्यात वर आली की तिथे थांबू नका, ती पाव इंच खाली जाऊ द्या. मग फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, घाला. माझ्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये इनटेकला ३ ते ५ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आणि एक्झॉस्टला ५ ते ७ थाऊ आहे. तुमचे आकडे तुमच्या मॅन्युअलमध्ये बघा. मी स्वतः पाव इंच खालीच सेट केलं होतं, पण लिहिताना ‘टीडीसी’ म्हणून मोकळा झालो. हाताला माहीत होतं, लेखणीला नव्हतं.

पण कम्प्रेशनच्या मुद्द्यावर मी मागे हटत नाही. जो उंचवटा व्हॉल्व्हपर्यंत न पोचल्याने तुमचा स्टार्टर अडला, तोच एरवी कम्प्रेशन गेजवरचा आकडाही खाली आणतो. स्टार्टरने फिरवताना हवा मुद्दामच सोडली जाते, मग कारशी तुलना कशी करणार? या इंजिनांना लीक-डाउन टेस्ट खरी. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना प्लगच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडायची, फ्लायव्हील पक्कं धरायचं (हवा पिस्टनला ढकलते, बोटं सांभाळा) आणि कान लावायचा. मफलरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्ब्युरेटरमधून आली तर इनटेक. ऑइलच्या भोकातून आली तर पिस्टनच्या रिंगा, नाहीतर हेड गॅस्केट. माझ्याकडे मफलर सापासारखा फुसफुसत होता. नवं गॅस्केट बसवल्यावर गॅप पुन्हा न बघता मी झाकण लावलं होतं. एक्झॉस्टचा गॅप शून्य, व्हॉल्व्ह पुरता बसतच नव्हता.

आता तुमचं जेट. मूळ लेखाचं शीर्षकच ‘दुरुस्तीनंतर’ असं होतं. तुमचं इंजिन कुणी उघडलेलं नव्हतं, ते हिवाळाभर टाकीत पेट्रोल ठेवून उभं होतं. इथे अमेरिकेतल्या पेट्रोलमध्ये बहुतेक ठिकाणी दहा टक्के इथेनॉल असतं आणि असं पेट्रोल पडून राहिलं की जेट तुंबू शकतं, म्हणजे संशय आधी कार्ब्युरेटरवरच जायला हवा. माझा दम दुरुस्तीनंतर गेला, म्हणून मी आधी माझाच हात जिथे लागला होता तिथे बघितलं. तरीही हा फरक मी लेखात ठळक करायला हवा होता, हे कबूल.

त्याहून मोठी चूक म्हणजे सगळ्यात आधी करायची तपासणी मी खाली कुठेतरी एका ओळीत उरकली. हत्याराला हात लावण्याआधी थ्रॉटलकडे, म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल किती जाईल ते ठरवणाऱ्या झडपेकडे, बघा. इथे ओहायोत मे महिन्यात गवत चार दिवसांत घोट्यापर्यंत येतं, त्यामुळे मला घाई होती. सीटवरून उठलं की इंजिन बंद पडतं, म्हणून बायकोला सीटवर बसवलं, बॉनेट उघडं ठेवलं आणि मी डेकपासून (पात्यांवरच्या झाकणापासून) लांब, बाजूला उभा राहिलो. तिने ब्लेड चालू केली. धडधाकट इंजिनात वेग जरा पडतो, गव्हर्नर (वेग कायम राखणारी यंत्रणा) थ्रॉटल उघडतो आणि वेग सावरला की थ्रॉटल परत मिटतो. माझ्याकडे थ्रॉटल पूर्ण उघडला आणि तसाच राहिला, वेग मिनिटाला ३३०० फेऱ्यांवरून २५०० वर. म्हणजे गव्हर्नर आपलं काम करतोय, इंजिनातच जोर नाही. थ्रॉटल उघडलाच नसता तर गव्हर्नरची स्प्रिंग चुकीच्या भोकात अडकवली आहे का, हे बघायचं. (आईला फोनवर हे सांगत होतो, तर म्हणाली, ‘गवत कापायला राज्यपाल कशाला लागतो?’)

थ्रॉटल पूर्ण उघडा आणि तरी जोर नाही, असं असेल तर चोक, म्हणजे हवा कमी करणारी झडप, किंचित ओढा. जोर वाढला तर पेट्रोल कमी पडतंय: जेट तुंबलंय, नाहीतर कार्ब्युरेटर आणि इंजिनामधल्या मॅनिफोल्डच्या सांध्यातून हवा शिरतेय. तुमच्याकडे हे अर्ध्या मिनिटात कळलं असतं.

स्प्रिंग ताणून वेग वाढवायचा मोह मात्र कुणी करू नये. अमेरिकेत मोअरच्या पात्याच्या टोकाचा वेग मिनिटाला १९,००० फुटांच्या वर जाऊ नये असं मानक आहे आणि इंजिनाचा कमाल वेग तो हिशेब धरूनच ठरवलेला असतो.

लेखात टीडीसीची ओळ खोडून खाली दुरुस्ती लिहिली आहे, तुमच्या प्रतिक्रियेचा उल्लेख करून. तुम्ही गॅप पुन्हा एकदा सेट करा, पाव इंच खाली. आणि जुनी बॅटरी दुकानात परत दिली नसेल तर देऊ नका, चार्जरला लावून बघा. बहुतेक तिचा काही दोष नसावा.