बैठक आमच्या घरी, तर नियमही आमच्या घरचे

आपल्या घरी चार माणसं दारूला बसणार असतील, तर किती घ्यायची, कधी थांबायचं आणि कुणाला द्यायचीच नाही हे ठरवायचा हक्क घरच्यांचा आहे. आणि आलेला माणूस धडपणे त्याच्या घरी पोचेपर्यंत त्याची काळजीही घरच्यांचीच. खानदेशात हे बोलायलाच लोक कचरतात. पाहुण्याला नियम सांगायचे म्हणजे त्याचा अपमान, अशी आपली समजूत आहे. मला ती अजिबात पटत नाही, म्हणून आज सविस्तर लिहिते आहे.

आमच्या घरी दारू वर्ज्य नाही. माझे यजमान घेतात, त्यांचे मित्र घेतात, माझा सख्खा भाऊ घेतो. मी घेत नाही. पण ज्या हॉलमध्ये बैठक भरते तो माझाही आहे, सकाळी तो मीच पुसते, आणि शेजारच्या खोलीत मुलं झोपलेली असतात.

एक गोष्ट मला फार खटकते. आपल्या राज्यात गावातल्या निम्म्याहून जास्त मतदार बायकांनी 'आडव्या बाटली'ला, म्हणजे दुकान बंद करण्याच्या चिन्हाला, मत दिलं तर दारूचं दुकान बंद होऊ शकतं. भर चौकातलं दुकान बंद करायची ताकद कायद्यानं बाईला दिली. आणि तीच बाई स्वतःच्या घरात रात्री साडेबाराला "वहिनी, अजून थोडे पापड" अशी हाक आली की मुकाट्यानं उठते आणि कढई चढवते. बायांनो, हे थांबवा. आमच्याकडे चकणा संध्याकाळीच एकदा तळून डब्यात भरलेला असतो, शेंगा-फुटाणे वाट्यांत काढलेले असतात. संपलं की संपलं. गॅस पुन्हा पेटतो तो फक्त भाकरीसाठी.

नियम आमंत्रण देतानाच सांगायचे. हे सगळ्यात महत्त्वाचं. दोन ग्लास पोटात गेल्यावर सांगितलेला नियम माणसाला टोमणा वाटतो. तोच आदल्या दिवशी फोनवर सांगितला तर तो म्हणतो, बरं वहिनी. "आठला या, दहाला पानं वाढणार, पानं वाढली की बाटली आत जाणार, गाडीची किल्ली दारात द्यायची." एवढं बोलायला अर्धा मिनिट लागतो. ज्याला पटत नाही तो येत नाही, आणि तेही ठीकच आहे.

दहाला जेवण हा हट्ट माझा आहे. आपल्याकडे बैठकीतलं जेवण रात्री एकला होतं. भाकरीचं लाकूड झालेलं असतं, शेवभाजीवरची तर्री थिजलेली असते, आणि रिकाम्या पोटी घेतलेली दारू तोवर डोक्यात गेलेली असते. पोटात अन्न असलं की ती रक्तात सावकाश चढते. त्यामुळे आमच्याकडे पहिल्या ग्लासाच्या आधीच प्रत्येकाला काहीतरी पोटभरीचं खावं लागतं.

आता आग्रहाबद्दल. जेवणाचा आग्रह ही आपल्या खानदेशाची शान आहे. मांडे वाढताना पाहुण्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले तरी वाढणारी वाढतेच, आणि ते शोभतं. ग्लासाच्या बाबतीत तो शोभत नाही. "ले ना भाऊ, आखो एक ले, काहीच व्हत नही!" असं म्हणणारे चारजण असतात, पण ज्याला म्हणतात त्याच्या चेहऱ्याकडे कुणी बघत नाही. एखाद्याच्या गळ्यात माळ असते. एखादं घर महानुभाव पंथाचं असतं. कुणाच्या शुगरच्या गोळ्या चालू असतात. आणि एखादा असा असतो की त्यानं मोठ्या कष्टानं सोडलेली असते, त्यासाठी त्याच्या बायकोनं, आईनं काय काय सोसलेलं असतं, आणि हे त्याला चारचौघांत सांगायचं नसतं. अशा माणसाला आग्रह करणं मला पाप वाटतं. आमच्याकडे "नको" म्हटलं की विषय संपतो. का नको, हे विचारायचं नाही. न घेणाऱ्याच्या हातात आल्या-आल्या ताकाचा नाहीतर लिंबू सरबताचा ग्लास देतो, म्हणजे रिकाम्या हाताकडे कुणाचं लक्षच जात नाही.

बाटली मध्ये टेबलावर ठेवायची नाही. ती एकाच माणसाच्या ताब्यात, आणि तो न पिणारा. आमच्याकडे हे काम माझ्या धाकट्या दिराचं. त्याच्याकडे 30 मिलीचं माप असतं आणि तो मापानंच देतो. अंदाजानं ओतलेला पेग 60चा कधीच नसतो, आणि ओतणाऱ्याचेच दोन झाले की तो नव्वदला टेकतो. पाहुण्यानं बाटली आणली तर तीही दारातच दिराकडे जाते. सील फुटलेली बाटली किंवा कॅनमधून आलेली सुटी दारू मात्र घरात येत नाही, ती कितीही जवळच्या माणसानं आणली असली तरी. 2015 साली मुंबईत मालवणीला मिथेनॉल मिसळलेल्या दारूनं शंभराहून जास्त माणसं गेली. ती रंगावरून, वासावरून ओळखू येत नाही.

"मी काय, फक्त बिअर घेतो" म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशोब. आपल्याकडची व्हिस्की साधारण 42.8 टक्क्यांची असते. तिच्या 30 मिलीत जवळपास 10 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. क्वार्टरमध्ये, म्हणजे 180 मिलीत, 60 ग्रॅम. आणि 8 टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या 650 मिलीच्या एका बाटलीत 40 ग्रॅम, म्हणजे 60चे दोन पेग. यकृत तासाला साधारण 7 ते 10 ग्रॅमच निकाली काढतं. त्याची ती गती लिंबानं वाढत नाही, काळ्या कॉफीनं वाढत नाही, डोक्यावर बादली ओतूनही वाढत नाही. बाराच्या सुमाराला क्वार्टर संपवून झोपलेला माणूस पहाटे मोटारसायकलला किक मारतो, तेव्हा त्याला वाटतं आपली उतरली. अंगातली पूर्ण उतरलेली असेलच असं नाही.

गाडी चालवणाऱ्यासाठी कायद्यातली मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलिग्रॅमची आहे. साठ-पासष्ट किलोच्या माणसाची ती एका मोठ्या पेगातही ओलांडली जाऊ शकते. पहिल्यांदा पकडलं तर 10,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण मला भीती दंडाची नाही, रस्त्याची आहे. हिवाळ्यात कापसानं फुगलेले ट्रॅक्टर अंधारात चाललेले असतात, मागे लाल दिवा नाही, साधी चकाकणारी पट्टी नाही. यावल-रावेरकडे रात्रभर केळीच्या गाड्या. शुद्धीतल्या माणसालाही ते शेवटच्या क्षणी दिसतात.

म्हणून किल्ली आधी घ्यायची. न प्यायलेला माणूस ती हसत देतो, प्यायलेला भांडतो. आमच्याकडे झाकणाचा स्टीलचा डबा आहे, तो माझ्या कपाटात असतो आणि कपाटाला कुलूप असतं. जळगावात, धुळ्यात रात्री शोधली तर रिक्षा मिळेल. पारोळ्याला, चोपड्याला, शहाद्याला अकरानंतर काय मिळणार? तेव्हा परत कोण कुणाला सोडणार हे संध्याकाळीच ठरवायचं, नाहीतर गच्चीवर गाद्या टाकायच्या.

मळ्यातल्या बैठकीची मला जास्त धास्ती वाटते. तिथे विहीर असते, बऱ्याचदा कठडा नसलेली. जागा विहिरीपासून लांब धरा, आणि दोन्हींच्या मध्ये उजेड ठेवा. आणि ज्याला रात्रीच्या लाइटीवर मोटार चालू करायला जायचं आहे त्यानं त्या दिवशी ग्लासाला हात लावायचा नाही. ओली जमीन, अंधार, स्टार्टर आणि पोटात दारू, याहून वाईट योग नाही. मे महिन्याच्या लग्नांत तर पारा 44-45 वर असतो, शरीरातलं पाणी आधीच आटलेलं असतं. तेव्हा प्रत्येक ग्लासामागे एक तांब्या पाणी.

पोरांच्या बाबतीत मी कुणाचंही ऐकत नाही. दिवाळीला पुण्याहून, नाशिकहून भाचे-पुतणे येतात, एकोणीस-वीस वर्षांचे. कुणीतरी काका लाडानं म्हणतो, "आता मोठा झाला, बस आमच्यात." नाही. महाराष्ट्रात बिअर आणि वाइनसाठी वयाची अट 21 आहे, बाकीच्या दारूसाठी 25. शिवाय प्यायला परवाना लागतो, तोही कित्येक काकांकडे नसतो. काकाच्या हातून मिळालेला पहिला ग्लास पोराला आशीर्वादासारखा वाटतो, तो परत घेता येत नाही. आणि लहान मुलांना बर्फ, सोडा आणायला दुकानात पाठवायचं नाही. मोठ्यांनी स्वतः जावं.

सुरतकडच्या नातेवाइकांबद्दलही लिहिते, कुणी वाईट वाटून घेऊ नये. उधना, लिंबायत भागात आपली किती घरं आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. पलीकडे राज्य झाल्यापासून दारूबंदी आहे. त्यामुळे लग्नाला आलेली काही माणसं इथे मोकळीक आहे म्हणून एका रात्रीत महिन्याची भरपाई करायला बघतात. त्यांनाही माप तेच आणि वेळही तीच.

अवघड जातं ते मानाच्या माणसांशी. आमच्याकडे ठरलं आहे की ज्याच्या बाजूचा पाहुणा, त्यानंच त्याला सांगायचं. माझ्या भावाला मी सांगते, त्यांच्या मित्रांना ते सांगतात. पण एकदा नणदेचे यजमान दहानंतर अजून एक मागायला लागले. दिरानं नम्रपणे म्हटलं, "जिजाजी, पानं वाढलीत." ते भडकले, "सासरी मला मोजून देता?" सगळे गप्प झाले. माझे यजमान त्यांना खांद्यावर हात ठेवून गॅलरीत घेऊन गेले, वाद घातला नाही, नियमाचं नावही काढलं नाही. म्हणाले, ताई पानावर थांबली आहे, चला. ते जेवले, पण रागातच. दिरानंच गाडी चालवत दोघांना घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी नणदेचा फोन आला. म्हणाली, वहिनी, किती दिवसांनी मी रात्री गाडीत डोळे मिटून बसले. त्या एका वाक्यासाठी मी दहा माणसांचा राग झेलायला तयार आहे.

चारचौघांत कुणाला रोखू नका, बाजूला घ्या. प्यायलेल्या माणसाशी वाद घालू नका, त्याच्या हातात ताट द्या. आणि कुणी अगदीच आडवा झाला तर त्याला कुशीवर वळवा, जवळ कुणीतरी बसा, "झोपू दे, सकाळी ठीक होईल" म्हणून एकटं सोडू नका. उताणा असताना उलटी श्वासनलिकेत गेली तर माणूस जातो. हाक मारून उठत नसेल, श्वास अडकत किंवा फार हळू येत असेल, तर लाज न बाळगता 108ला फोन करा.

काही मैत्रिणी म्हणतात, एवढं करण्यापेक्षा घरात येऊच देऊ नको. ज्यांच्या घरात येत नाही त्यांना माझा मनापासून नमस्कार, ते घर माझ्यापेक्षा सुखी आहे. पण माझ्या घरातली माणसं पिणार आहेत हे मला दिसतं. इथे नाही म्हटलं तर ती हायवेवरच्या ढाब्यावर बसतील आणि दोनला मोटारसायकलवर परत येतील. इथे निदान किल्ली माझ्या कपाटात असते.

दोन-तीन जणांनी आमच्याकडे बसायला येणं बंद केलं आहे. त्यांतल्या एकाला काल मीच फोन केला. रविवारी मळ्यात भरीत आहे, दुपारी बाराला, बायको-मुलांना घेऊन ये, त्यात बाटलीचा संबंध नाही. येतो म्हणाला आहे.