संस्कार, शनिवार आणि दुकानाची वेळ

27 जानेवारी 2022 रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने एक हजार चौरस फुटांच्या वरच्या सुपरमार्केटांत वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला आणि रान पेटले. एका बाजूने संस्कृतीची आठवण करून दिली. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. दुसरी बाजू म्हणाली, युरोपात दारू कोपऱ्यावर मिळते, तिथली माणसे बिघडली का? निर्णय अमलात आला नाही, पण दारू असो, मुलांचा मोबाइल असो की ऑनलाइन जुगार, वाद याच दोन वाटांनी जातो. दोन्ही बाजूंनी एक गोष्ट न बोलता मान्य केलेली असते: संयम माणसाच्या आत असतो, कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो. स्वीडनमधून पाहताना मला हे पटत नाही.

इथे साडेतीन टक्क्यांहून अधिक अल्कोहोल असलेली बिअरसुद्धा किराणा दुकानात मिळत नाही. त्यासाठी सरकारी मालकीच्या ‘सिस्टेमबोलागेट’मध्ये जावे लागते. ही दुकाने शनिवारी दुपारी तीनपर्यंत बंद होतात, रविवारी उघडतच नाहीत. घेणाऱ्याचे वय 20 हवे, आणि पंचविशीच्या आतला वाटणाऱ्याला ओळखपत्र मागतात. दोनावर एक फुकट अशी योजना नाही. बिअर थंड करून ठेवलेली नाही. शनिवारी रात्री पाहुणे बसलेले असताना बाटली संपली, तर सोमवारपर्यंत ती संपलेलीच. हॉटेलात मिळते, पण तिथली किंमत पाहून दुसरा ग्लास मागवणारा विचार करतो. एवढे सगळे पाळायला मनोनिग्रह लागत नाही, घड्याळ बघावे लागते.

ही व्यवस्था सुबुद्ध जनतेला आपोआप सुचलेली नाही. एकोणिसाव्या शतकात इथे घरोघरी दारू गाळत, आणि त्याने कुटुंबे उद्ध्वस्त होऊ लागली, तेव्हा दारूविरोधी चळवळ उभी राहिली. 1922 मध्ये संपूर्ण दारूबंदीवर सार्वमत झाले. स्त्रिया आणि पुरुषांची मते वेगवेगळी मोजली गेली. बहुसंख्य स्त्रिया बंदीच्या बाजूने होत्या, बहुसंख्य पुरुष विरोधात, आणि थोडक्या मतांनी बंदी फेटाळली गेली. आपल्याकडे ‘उभी बाटली, आडवी बाटली’च्या मतदानात गावोगावच्या बायांनी जे केले, त्याच्याशी हे फार जवळचे आहे.

बंदी आली नाही, पण त्याआधीच शिधापत्रिकेसारखे एक दारूचे पुस्तक सुरू झाले होते. प्रत्येक खरेदीची त्यात नोंद व्हायची आणि महिन्याचा कोटा ठरलेला असायचा. विवाहित स्त्रीला पुस्तकच मिळत नसे, म्हणजे संयमाचा भार पुन्हा अर्ध्या लोकसंख्येवर. दुसरी खोट जास्त शिकवणारी आहे. कमी पिणारेसुद्धा कोटा वाया जाऊ नये म्हणून पूर्ण उचलू लागले. कमाल मर्यादाच हक्काचे माप झाली. 1 ऑक्टोबर 1955 रोजी पुस्तक रद्द झाले आणि पिऊन पकडल्या जाणाऱ्यांची संख्या लगेच उसळली. मग सरकारने कर वाढवून ती आवरली. बाहेरून लादलेला कोटा गेल्यावर खाली सवय उरलेली नव्हती. 2015 मध्ये चंद्रपुरात बंदी आली आणि 2021 मध्ये उठली, तेव्हा बंदी बरी की वाईट यावर रकाने भरले. त्या सहा वर्षांत गावात कोणती सवय रुजली, हा प्रश्न मात्र कमी विचारला गेला. शेजारच्या गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे, आणि तिथे बंग दांपत्याने कायद्याच्या जोडीला गावसंघटना आणि उपचार यांवर जोर दिला, तो मला म्हणूनच मोलाचा वाटतो.

सवय रुजवण्याचे याच देशातले उदाहरण म्हणजे मुलांची ‘शनिवारची मिठाई’. तिचे मूळ लाजिरवाणे आहे. 1940 च्या दशकात लुंड शहराच्या विपेहोल्म रुग्णालयात बौद्धिक अपंगत्व असलेल्या रुग्णांना, त्यांची संमती न घेता, चिकट टॉफ्या खायला घालून दात किडवले गेले. निष्कर्ष असा निघाला की एकूण किती साखर पोटात गेली यापेक्षा ती दिवसातून किती वेळा खाल्ली आणि दातांना किती चिकटून राहिली, याला महत्त्व आहे. प्रत्येक गोड घासानंतर तोंडात आम्ल तयार होते, आणि लाळेला ते निवळायला सुमारे अर्धा तास लागतो. दिवसभर एकेक गोळी चघळणाऱ्याच्या दातांना तो अर्धा तास मिळतच नाही. म्हणून सल्ला दिला गेला: खायची तर आठवड्यातून एकदा, एका बैठकीत.

घरोघरी ते असे चालते. दुकानातल्या सुट्या गोळ्यांच्या डब्यांतून मूल स्वतः निवडते. पिशवीचे माप आईबाप ठरवतात. खाऊन झाले की दात घासायचे. इतर दिवशी मूल हट्ट करत नाही असे नाही, पण उत्तर ठरलेले असल्याने वाद लांबत नाही. बिघडते ते तीन ठिकाणी: बुधवारी मूल रडले म्हणून अपवाद केला, मिठाई बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरली, किंवा बापाने कपाटाआड खाताना मुलाने पाहिले. मराठी घरात शनिवार मारुतीच्या उपवासाचा असेल तर रविवार ठेवावा. वार कुठला याला महत्त्व नाही, तो बदलू नये याला आहे. आणि आजी-आजोबांना आधी सांगून ठेवावे; लाडाचा वार त्यांनाही आवडतो.

यामागचे कारण 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नीट दिसते. जपानी आणि अमेरिकी मुलांसमोर कधी खाऊ, कधी गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली. थांबलात तर दुप्पट मिळेल, असे सांगितले. खाऊसाठी जपानी मुले जास्त वेळ थांबली, भेटवस्तूसाठी अमेरिकी. जपानी घरात सर्वांची पाने वाढून होईपर्यंत कुणी खात नाही. अमेरिकी घरात भेटी नाताळच्या सकाळपर्यंत झाडाखाली बंद राहतात. एकच मूल एका बाबतीत संयमी आणि दुसऱ्या बाबतीत उतावळे असू शकते. ज्या बाबतीत घराने थांबायची सवय लावली, तिथे ते थांबते.

आपल्याकडे अशा सवयी भरपूर आहेत. नैवेद्य दाखवेपर्यंत मोदकाला हात लावायचा नाही, हे तीन वर्षांच्या मुलालाही कळते. वारकऱ्याच्या गळ्यातली माळ सगळ्या गावाला दिसते, म्हणून त्याला कुणी पेला पुढे करत नाही. रोज नकार देण्याचे कष्ट वाचतात. आणि मोडते कुठे हेही आपल्याला ठाऊक आहे: ‘एकादशी, दुप्पट खाशी’, श्रावणाआधीची गटारी. स्वीडिश माणूस आठवडाभर कोरडा राहून शुक्रवारी रात्री भरपाई करतो, तोच हा हिशेब. दिवस ठरवला पण माप ठरवले नाही, की असे होते.

तेव्हा सुपरमार्केटातल्या वाइनचा विषय पुन्हा निघेल, तेव्हा संस्कृतीची शपथ आणि युरोपचा दाखला दोन्ही बाजूला ठेवून विचारावे: दुकान किती वाजता बंद होणार, ओळखपत्र कोण तपासणार, सवलतीची पाटी लागणार का, कपाट मुलांच्या बिस्किटांपासून किती दूर असणार, आणि बाटल्या जास्त खपल्या तर फायदा कुणाचा? सिस्टेमबोलागेटला जास्त विकून नफा वाढवायचा नसतो. तसे दायित्वच त्याच्यावर नाही. दुकानदाराचे पोट मात्र खपावरच चालते. त्याच्याकडून गिऱ्हाइकाच्या संयमाची राखण व्हावी असे वाटत असेल, तर परवान्यावर आधी त्या अटी लिहाव्या लागतील.