बंदुकीला रंग द्यायचे आठशे रुपये

आज सकाळी ताईचा फोन. तिच्या यूपीआयवरून आठशे रुपये गेलेत, बँकेत तक्रार करू का विचारत होती. म्हटलं तक्रार कसली करतेस, तुझ्याच लेकाने मोबाइल गेममधल्या बंदुकीला नवीन रंग घेतलाय. रंग! गोळी तीच, नेम तोच, फक्त बंदूक जांभळी. भाच्याला विचारलं, अरे एवढा रंग तुला स्वतःला नाही का देता येत, तर म्हणे "मामा तसं काही केलं तर अकाउंट बॅन होतं." तेव्हापासून डोकं सरकलंय. पोस्ट लांबणार आहे, घाई असेल त्यांनी पुढे सरका.

नाशिकच्या कॉलेज रोडच्या कॅफेत तासाच्या हिशोबाने ज्यांनी काउंटर-स्ट्राइक १.६ (एक टोळी बाँब लावते, दुसरी अडवते, तो बंदूकबाजीचा गेम) खेळलंय त्यांना वेगळं काही सांगायला नको. आमच्या ग्रुपात एक सातपूरचा पोरगा होता. खेळायला यथातथाच, राउंड सुरू झाला की पहिला हाच मरायचा, आणि या गेममध्ये मेलं की राउंड संपेपर्यंत नुसतं बघत बसायचं. बाकीचे आरडाओरडा करायचे आणि हा भिंती बघायचा, कोपरे बघायचा, जिने मोजायचा. एक दिवस म्हणाला आपण जुन्या नाशकातल्या दहीपुलाचा मॅप करू, म्हणजे गेममध्ये लढायची जागा. आम्ही हसलो. त्याने खरंच केला राव! चिंचोळी गल्ली, वाड्यांचे लाकडी जिने, बाँब लावायची एक जागा दहीपुलाच्या चौकात आणि दुसरी सराफ बाजारात.

हे त्याला जमलं कारण मॅप बनवायचं हॅमर एडिटर फुकट मिळायचं. आणि ते फुकट का मिळायचं त्याची गोष्ट मागे डूम नावाच्या जुन्या बंदूकबाजीच्या गेमपर्यंत जाते. टेक्सासमधली आयडी सॉफ्टवेअर, मोजकी पोरं, १९९३ साली जॉन कार्मॅक २३ वर्षांचा आणि जॉन रोमेरो २६ चा. यांच्याच आधीच्या वुल्फेनस्टाइन गेममध्ये लोकांनी घुसून स्वतःचे मॅप घातले होते. दुसरी कंपनी असती तर वकील लावले असते. यांनी काय केलं, तर डूम बनवतानाच मॅप, चित्रं, आवाज सगळं इंजिनपासून, म्हणजे गेम चालवणाऱ्या मूळ प्रोग्रामपासून, वेगळ्या फाइलीत ठेवलं, म्हणजे ज्याला बदलायचंय त्याने खुशाल बदलावं. १० डिसेंबर १९९३ ला विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर गेम टाकायला गेले तर आधीच एवढे लोक ताटकळत बसलेले की यांनाच आत जायला जागा नाही! पहिला भाग फुकट, आवडला तर पुढचे पैसे देऊन मागवा. आणि डिसेंबर १९९७ मध्ये तर कार्मॅकने डूमचा सोर्स कोडच, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूरच, लोकांपुढे ठेवला. मुदपाकखाना उघडून दिला, जा आत, काय शिजवायचं ते शिजवा. म्हणून तर आज कॅल्क्युलेटरवरसुद्धा डूम चालवून दाखवतात लोक.

तेच पुढे चालत आलं. आयडीच्याच क्वेक गेमचं इंजिन व्हॉल्व कंपनीने घेतलं, त्यात बदल करून १९९८ ला हाफ-लाइफ काढला, आणि व्हॉल्वनेही बाहेरच्यांना मोड करायची, म्हणजे मूळ गेम बदलून स्वतःचं काही बनवायची, साधनं दिली. मिन्ह ले नावाचा कॅनडातला कॉलेजचा पोरगा, सोबत जेस क्लिफ. या दोघांनी जून १९९९ मध्ये हाफ-लाइफवर काउंटर-स्ट्राइकचा पहिला बीटा टाकला. कंपनी नाही, पगार नाही. आपण ज्या डस्टवर अख्खी तरुणाई घालवली तो मॅपसुद्धा डेव्ह जॉन्स्टन नावाच्या बाहेरच्याच माणसाचा. २००० मध्ये व्हॉल्वने गेमही घेतला आणि या दोघांनाही. म्हणजे पोरांनी केलेल्या उचापतीतून जगातला सगळ्यात मोठा शूटर उभा राहिला, आणि आमचा सातपूरवाला त्याच रांगेत शेवटी का होईना उभा होता. त्याच्या दहीपुलाच्या फाइलीचं एक्स्टेंशनही बीएसपीच, मॅपचे तुकडे पाडून काय दिसतंय ते झटकन ठरवायच्या ज्या बीएसपीच्या युक्तीवर कार्मॅकने डूम पळवला तीच ही.

मॅप कंपाइल व्हायला, म्हणजे गेममध्ये चालेल अशी फाइल तयार व्हायला, तास न् तास लागायचे. त्याच्याकडे पीसी नाही, कॅफेवाले काका रात्री एक मशीन चालू ठेवायचे त्याच्यासाठी, पैसे न घेता. लोडशेडिंगचे दिवस. यूपीएस पंधरा मिनिटांत मान टाकायचा आणि सगळं पहिल्यापासून. कुठे भिंतीत केसाएवढी फट राहिली तर कंपाइलर "लीक" म्हणून थांबायचा, आणि हा वहीवर आकृती काढून ती फट शोधत बसायचा. त्याला कुणी क्लास लावला नव्हता. आता तर आठ वर्षांच्या पोरांना गेम डेव्हलपमेंट शिकवतो म्हणून हजारो रुपये घेतात, आणि पोरं शिकतात काय तर दुसऱ्याने बनवलेले ठोकळे ओढून आणायला.

हो, आमची कॉपी पायरेटेड होती, माहितीय. हो, काउंटर-स्ट्राइकमध्येही २०१३ ला स्किन, म्हणजे बंदुकीचे असले विकतचे रंग, आल्याच, आणि आता त्यांचा बाजार बघून चक्कर येते. बरं. आणि रोब्लॉक्समध्ये पोरं स्वतः गेम बनवतात हे कुणीतरी कमेंटमध्ये लिहिणारच आहे, लिहा. पण माझ्या भाच्याच्या हातात जे आहे त्याला एक स्क्रूसुद्धा दिलेला नाही उघडायला. अकरा वर्षांचं पोरगं, त्याला वाटतं गेम म्हणजे दुकान.

त्याच्यावर ओरडलो नाही मी. त्याचा काय दोष, त्याला कुणी दाखवलंच नाही. ओरडायचंय ते वेगळ्या लोकांवर, जे आमच्या वेळीही "गेम खेळून पोरं वाया जातात" म्हणायचे आणि आता स्वतःच जेवताना पोरासमोर मोबाइल उभा करून ठेवतात. ज्याला तुम्ही वाया गेलेला म्हणत होतात ना, तो रात्रभर बसून दहीपूल मोजत होता. आधी सायकलवर जाऊन पावलांनी, मग स्क्रीनवर.

असो. कामाचं बोलतो. तो कॅफे कधीच बंद झाला, मशीन भंगारात गेल्या, आणि त्या मित्राकडेही फाइल राहिली नाही. पण लॅनवर, म्हणजे कॅफेतल्या मशीन एकमेकांना जोडून, खेळायचा म्हणून प्रत्येक मशीनवर कॉपी केला होता, आणि बऱ्याच जणांनी पेनड्राइव्हवर घरी नेला होता. फाइलचं नाव डीई अंडरस्कोर दहीपूल. २००६ च्या आसपासची. माळ्यावर जुना सीपीयू पडला असेल तर हार्ड डिस्क फेकायच्या आधी एकदा मॅप्सचा फोल्डर बघा. मिळाली तर इनबॉक्स करा, डिस्क न्यायला मी नाशिकरोडपासून ओझरपर्यंत कुठेही येतो, चहा माझ्याकडून.